पाटीवर वेळ का नाही?

दिवाळीची सुटी लागली की आमच्या धाराशिव जिल्ह्यातली माणसे समुद्र पाहायला निघतात. निघावीच. ज्या मुलखात उन्हाळा नीट सुरू होण्याआधीच विहिरीचा तळ दिसू लागतो, तिथल्या माणसाला वर्षातून एकदा डोळे भरून पाणी पाहावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय! जीप ठरते, लाडू-चिवड्याचे डबे भरले जातात, म्हातारी माणसे पुढच्या बाकावर आणि पोरेटोरे मागे, असा लवाजमा बालाघाटाच्या माथ्यावरून निघतो तो रात्रभर प्रवास करून सकाळी कोकणात उतरतो. या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती किनाऱ्यावर त्यांच्या स्वागताला उभ्या असलेल्या पाटीबद्दल.

ही पाटी आपण सर्वांनी पाहिली आहे. 'खोल पाण्यात जाऊ नये.' 'पोहण्यास सक्त मनाई.' 'वाहने वाळूत नेऊ नयेत.' 'कचरा टाकू नये.' 'मद्यपान करू नये.' आणि खाली 'हुकमावरून'. सगळी वाक्ये 'नये'ने संपणारी. एकही वाक्य खोटे नाही, एकही नियम वाईट नाही, आणि तरीही ही पाटी माझ्या मते निरुपयोगी आहे. कारण समुद्राविषयी पाहुण्याला जी एकच गोष्ट कळायला हवी ती तिच्यावर नसते. पाण्याची वेळ तिच्यावर नसते.

हे मी शहाणपणाने बोलत नाही, खोड मोडल्यावर बोलतो आहे. काही वर्षांपूर्वी भाऊबिजेच्या दिवशी आम्ही सगळे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावी होतो. ज्यांच्या घरी उतरलो त्यांनी जेवणाची वेळ सांगितली, अंघोळीचे गरम पाणी कधी मिळेल ते सांगितले, मासे हवेत की शाकाहारी ते विचारले. समुद्राविषयी एक अक्षर नाही. जेवलो, वामकुक्षी झाली, आणि चारच्या सुमारास चहा घेऊन पुळणीवर गेलो. समुद्र अगदी गरीब दिसत होता. लाटा लहान, पाणी दूर सरकलेले, ओली वाळू आरशासारखी लख्ख. थोरल्या भावाचा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा. आमच्याकडे पोरे पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, तसा तोही शिकलेला. काठावरून सूर मारून तळाचा दगड वर आणण्यात पटाईत. पाटी आम्ही वाचली होती. 'खोल पाण्यात जाऊ नये' हे मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवले होते. पोरगे गेले ते कमरेइतक्याच पाण्यात.

तेवढ्यात जाळे निवडीत बसलेली एक कोळीण उठली आणि ओरडू लागली. "अरं ए पोरा, भायेर ये! पानी सुकतीचा हाय, वडून नेल!" आम्हांला 'सुकती' हा शब्दच ठाऊक नव्हता. माझ्या भावाला वाटले, ही बाई उगीच आपल्यावर डाफरते आहे. त्याने तिला सुनावले, "मावशी, पोहता येतं त्याला. तुम्ही तुमचं काम बघा." ती आमच्याकडे न पाहता दोन माणसांना हाक मारीत पाण्याकडे धावली, तेव्हा आम्ही वळून पाहिले. कमरेइतक्या पाण्यात उभे असलेले पोर आता नुसते डोक्याएवढे दिसत होते, आणि ते डोके किनाऱ्याकडे न येता आडवे सरकत होते. त्या दोघा गडीमाणसांनी दोर टाकून त्याला बाहेर काढले. अर्धा तास त्याला बोलता आले नाही. माझा भाऊ त्या बाईच्या पायांशी वाळूत बसला. ती म्हणाली, "पाया कसला पडतोस? इचारायचा व्हता."

विचारायचे होते, हे खरे. पण काय विचारायचे, हे तरी ठाऊक नको काय?

'खोल' या शब्दाचाच अर्थ पाहा. आमच्या माणसाला पाणी ठाऊक आहे ते विहिरीचे, बारवेचे, तळ्याचे. त्या पाण्याची खोली ठरलेली असते. अमुक पायरीपर्यंत गुडघा, तमुक पायरीला छाती, मग डोहच. सकाळी जिथे गुडघाभर तिथे संध्याकाळीही गुडघाभर. पाणी हलत नाही, हलतो तो माणूस. म्हणून 'खोल जाऊ नये' ही सूचना आमच्या आडापुरती पुरी पडते. समुद्रात मात्र माणूस जागच्या जागी उभा राहतो आणि पाणी चालू लागते. पाटी लिहिणाऱ्याने समुद्र पाहिलेला असतो, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात विहीर आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही.

आणि पाण्याची ही चाल काही गूढ नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सव्वाबारा तासांहून थोडे अधिक, म्हणून रोजची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात याचा एक जुना हिशेब तोंडपाठ असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, जे येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन; तीनला भरती, नऊला ओहोटी. अष्टमीला सहा. अर्ध्या तासाची चूक धरा, पण घड्याळ नसलेल्या माणसाचे आयुष्य त्यावर निभावून जाते. वर आणखी एक गोष्ट: अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतर एकदोन दिवस पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते, त्याला उधाण म्हणतात, अष्टमीच्या आसपास ते मंदावते, त्याला भांग म्हणतात. आणि उतरणाऱ्या पाण्याचे सहा तास सारखे नसतात. पहिला तास रेंगाळतो, शेवटचा रेंगाळतो, आणि मधल्या दोन तासांत निम्मे पाणी निघून जाते.

आता फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक चाळणाऱ्या वाचकांनी हाच हिशेब दिवाळीला लावून पाहावा. लक्ष्मीपूजन अमावास्येचे. पाडवा प्रतिपदेचा, भाऊबीज द्वितीयेची. म्हणजे आपली सुटी नेमकी उधाणात पडते! द्वितीयेची पाऊणपट दीड. दीडला पूर्ण भरती, साडेसातला ओहोटीचा तळ. मधले दोन तास साडेतीन ते साडेपाच. जेवण झाले, डुलकी झाली, चहा झाला, आणि आपण जेव्हा पोराबाळांना घेऊन पुळणीवर उतरतो, नेमकी तीच घटका. पाणी दूर गेलेले असते म्हणून समुद्र गरीब दिसतो, आणि ते अजून जातच असते म्हणून त्याला सर्वांत जास्त ओढ असते. हे सर्व त्या बाईला ठाऊक होते. हे ज्याच्यावरून ताडता येते ती तिथी आमच्या घरात भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत मोठ्या अक्षरांत छापलेली होती. नव्हते ते फक्त पाटीवर.

२०१६ साली १ फेब्रुवारीला मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. अशी मोठी बातमी झाली की चार दिवस हळहळ होते, किनाऱ्यावर शिस्त हवी म्हणून अग्रलेख निघतात. एकेकटे बुडणारे तर आतल्या पानावर दोन ओळींत संपतात, आणि त्या दोन ओळींत 'अतिउत्साही पर्यटक' हा शब्द असायचाच. अतिउत्साही! मेलेल्या माणसावर ठपका ठेवण्याची ही रीत मला निर्दय वाटते. दारू पिऊन धिंगाणा घालणारे असतात, नाही कोण म्हणतो? पण माझा पुतण्या दारू प्यालेला नव्हता, आणि कमरेइतक्या पाण्यात उभे राहणे हा उन्माद नव्हे. त्याला माहिती नव्हती. ज्यांना होती त्यांनी दिली नव्हती.

कोणी म्हणेल, पाटी म्हणजे काय पंचांग आहे, की रोज बदलावी? हाच तर मुद्दा आहे. शाळेत सुविचाराचा फळा रोज पुसून रोज लिहितात. ज्या देशात रोज एक नवा सुविचार लिहायला माणूस मिळतो, तिथे 'आज भरती दीडला, ओहोटी साडेसातला, तीननंतर कोणी पाण्यात उतरू नये' एवढे खडूने लिहायला माणूस मिळत नाही काय? अलिबागचा कुलाबा किल्ला पाहा. ओहोटीला माणूस पायी चालत किल्ल्यात जातो. भरती आली की त्याच वाटेवर पाणी उभे राहते आणि आत रमलेले लोक अडकतात. तिथे 'नये' लिहून काय साधणार? तिथे सगळा नियम म्हणजेच वेळ आहे. वाळूत गाडी घालणाऱ्यांचेही तेच. पाणी मागे गेलेले असते, वाळू घट्ट असते, गाडी सुरेख धावते. मग चाक रुतते, आणि पाणी परत येते. दर सुटीत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर एखादी नवी कोरी मोटार लाटा खात उभी असल्याचे चित्र आपण पाहतो आणि हसतो. (वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत कासविणी अंडी घालतात, त्या वाळूवरून चाके फिरतात याचे मात्र हसू येत नाही.) आणि ऐन पावसाळ्यात कोकणात जाऊन 'सुरमई ताजी नाही' म्हणून खानावळवाल्याशी भांडणारा तर घरोघरी आहे. यांत्रिक होड्यांना त्या दिवसांत सरकारची बंदी असते, आणि सरकारी बंदी नव्हती तेव्हाही नारळी पौर्णिमेचा नारळ पडेपर्यंत कोळी दर्यात जात नसे. हाही 'केव्हा'चाच नियम.

'केव्हा' हा प्रश्न समुद्राने पाहुण्यांना आज घातलेला नाही. आमच्या जिल्ह्यात तेर म्हणून गाव आहे, गोरोबाकाकांचे तेर. हेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक दर्यावर्द्याने, आपले नावही न सांगता, लिहून ठेवलेली 'पेरिप्लस' नावाची एक वहीवजा पोथी आहे. तीत तगराहून गाड्यांतून कापड भडोचच्या बंदराला जात असल्याचा उल्लेख येतो. त्याच पोथीत भडोचच्या पाण्याचे वर्णन आहे. भरती-ओहोटी अमावास्येला आणि पौर्णिमेला वाढते, तीन दिवस तशी राहते आणि मग उतरते, हे त्याने लिहिले आहे. आता जहाज चालत होते तिथे घटकेत कोरडी जमीन दिसते, हेही लिहिले आहे. आणि पुढे काय लिहिले आहे? तर तिथल्या राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठाल्या होड्या घेऊन बंदराबाहेर दूरवर सामोरे जात, परक्या जहाजांना भरतीच्या वेळा साधून आत आणीत, आणि ओहोटीला ठरलेल्या जागी नांगरून ठेवीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाला कळले होते की पाहुण्याला पाण्याची वेळ ठाऊक नसते, म्हणून ती सांगायला माणूस पाठवावा लागतो. त्याने भडोचच्या खाडीच्या तोंडाशी 'जहाजे आत आणू नयेत' अशी पाटी ठोकली असती, तर आमच्या तेरचे कापड तेरलाच राहिले असते.

पण नुसत्या कोकणावर बोट रोखून आम्हांला सुटता येणार नाही. मी तुळजापूरचा. वर्षभर आम्ही यजमान असतो आणि चार दिवस पाहुणे, त्यामुळे या दुखण्याची दोन्ही टोके मी पाहिली आहेत.

आमच्या भवानीआईची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उठून पलंगावर निजते. नवरात्रापूर्वी भाद्रपद वद्य अष्टमीपासून घोरनिद्रा, दसऱ्याचे सीमोल्लंघन झाल्यावर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. श्रमनिद्रेचा तो पलंग नगरकडून येतो, पालखी बुऱ्हाणनगरहून येते. नऊ दिवस महिषासुराशी झुंजलेली आई थकून निजली आहे, ही कल्पनाच किती घरगुती आहे! त्या दिवसांत सिंहासनावरचे नेहमीचे पूजाविधी नसतात, आणि आई दिसते ती निजलेली. तुळजापुरातल्या लहान पोरालाही हे ठाऊक असते. पण दसरा गाठता आला नाही म्हणून 'गर्दी ओसरल्यावर जाऊ' असा सुज्ञ विचार करून दोन दिवसांनी आलेल्या माणसाला ते कोणी सांगितलेले नसते. तो अभिषेकाची सामग्री घेऊन महाद्वारात उभा राहतो. तसेच कोजागरीचे. सोलापुराकडून आणि कर्नाटकातून माणसे पायी येत असतात, रस्ता त्यांच्यासाठी राखलेला असतो, आणि मोटारीने आलेले कुटुंब वाटेत अडकून पोलिसाशी वाद घालीत बसते.

एका श्रमनिद्रेत मालवणकडचे एक कुटुंब आमच्या ओट्यावर टेकले होते. म्हातारीने नातवाचा नवस आणला होता, सिंहासनावरच्या आईला साडी नेसवायची होती. ती रडवेली होऊन विचारू लागली, "आता काय करू?" आणि मी काय म्हणालो? मी हसून म्हणालो, "आजी, एवढं पण माहीत नाही? कोजागरीनंतर या." मालवणाहून तुळजापूर! ती बाई निमूटपणे पिशवी उचलून गेली. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी आम्ही कोकणात गेलो, आणि तिथल्या एका बाईने मला हसून 'एवढे पण माहीत नाही?' असे विचारण्याऐवजी धावत जाऊन माझे पोर वाचवले. हा फरक मला अजून टोचतो.

आणि आमच्याकडे पाटी लागली ती कशाची? २०२३ च्या मे महिन्यात मंदिरात फलक झळकले की अंगप्रदर्शक आणि असभ्य कपडे घालणाऱ्यांना, हाफ पँट-बर्मुडावाल्यांना प्रवेश नाही. गदारोळ उठला आणि ते फलक मागे घेण्यात आले. कोण बरोबर, कोण चूक, या वादात मी शिरत नाही. देवळात नीट कपडे घालून जावे हे माझ्या आजीने मला पाटीविना शिकवले होते. मला आश्चर्य वाटते ते एवढ्याचेच की आम्हांला पाहुण्याशी बोलावेसे वाटले तेव्हा पहिली गोष्ट सुचली ती त्याच्या चड्डीची. आई निजली आहे, ही गोष्ट सुचली नाही.

मनाईच्या पाटीची एक गंमत आहे. ती पाहुण्यासाठी नसतेच, ती लावणाऱ्यासाठी असते. उद्या कोणी बुडाले तर 'आम्ही सूचना लावली होती' असे कागदावर लिहिता येते. वेळेची पाटी लावली की जबाबदारी येते. ती चुकली तर कोणीतरी जाब विचारील, ती रोज पुसून लिहायला हवी, म्हणून ती कोणी लावीत नाही. 'नये' एकदा रंगवले की पंधरा वर्षे गंजत उभे राहते.

इकडे पाहुण्यांनीही फार फुशारू नये. 'पैसे मोजले आहेत, आम्हांला कोण सांगणार' ही भाषा जीपमधून उतरता उतरता सुरू होते. माझ्या भावाने त्या बाईला जे ऐकवले ते याच भाषेतले होते. आम्ही खोलीचे भाडे विचारतो, पापलेटचा भाव विचारतो, परतीच्या वाटेवर स्वस्त काजू कुठे मिळतील ते विचारतो. 'आज पाणी कसे आहे?' हे चार शब्द आमच्या तोंडून निघत नाहीत, कारण त्यात आपण अडाणी ठरतो असे वाटते. दुष्काळी मुलखातल्या माणसाने पाण्याविषयी अडाणी असण्याची लाज का बाळगावी? मालवणच्या म्हातारीला निद्रेची तिथी ठाऊक नसण्याची लाज का वाटावी? लाज मला वाटायला हवी होती.

तेव्हा माझी मागणी अशी. कोकणातल्या ज्या घरांत, खानावळींत पाहुणे उतरतात, तिथे जेवणाच्या वेळेबरोबर पाण्याची वेळ सांगितली जावी. फळा आणि खडू, याहून जास्त खर्च नाही. ग्रामपंचायतीने पुळणीच्या तोंडाशी तसाच एक फळा ठेवावा, आणि तो लिहायचे काम कचेरीतल्या कारकुनाकडे न देता किनाऱ्यावरच्या कोळ्याकडे द्यावे, हातात रोजचे दोन पैसे ठेवून. भडोचच्या राजानेही ते फुकट करवून घेतले नव्हते. आणि आमच्या तुळजापुरात एस.टी. स्थानकावर, उतरल्या उतरल्या दिसेल अशा जागी, आज तिथी कोणती, आई सिंहासनावर आहे की पलंगावर, अभिषेक आहे की नाही, रस्ता कोणता बंद, एवढे रोज लिहिले जावे.

हे सगळे होईल तेव्हा होईल. आमच्या ओट्यावर मी गेल्या काही वर्षांपासून एक जुना शाळकरी फळा टांगला आहे. निद्रेच्या दिवसांत त्यावर लिहितो, एरवी कोरा असतो. पुतण्या आता मोठा झाला, पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीला घरी आला की समुद्राचे नाव काढीत नाही. पण शेजारच्या कोणाची जीप ठरल्याचे कळले की खडू घेतो, आणि कोजागरीपासून कोऱ्या असलेल्या त्या फळ्यावर लिहितो: 'पाडवा पाऊण, भाऊबीज दीड, तृतीया सव्वादोन. त्यापुढे सहा तास पाण्याला पाठ करू नका.' समुद्रापासून इतक्या दूर, बालाघाटाच्या माथ्यावर, ओट्यावर भरतीच्या वेळा लिहिलेल्या पाहून येणारेजाणारे थबकतात आणि विचारतात, "हे काय आहे?" तो पायरीवर बसून त्यांना सुकतीचा अर्थ सांगू लागतो.